हा रंग आहे, औषध नाही

मला राग लवकर येतो, हे आमच्या दवाखान्यात झाडूवाल्यापासून विश्वस्तांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर तो कमी होईल अशी माझ्या बहिणीची आशा होती. झाला नाही. तेव्हा फराळाची ताटली घेऊन हा लेख वाचायला बसला असाल, तर आधी चकली खाऊन घ्या.

विषय निघाला तो भाचीमुळे. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. उन्हाळ्यात आली तेव्हा तिने मला काही फोटो दाखवले. मिट्ट काळोखात हिरवे, तांबडे ठिपके. म्हणाली, "मावशी, या पेशी आहेत. त्यांना आम्ही चमकणारे रंग लावतो. ठरावीक प्रकाश टाकला की हव्या त्याच पेशी उजळतात. क्षयाचे जंतूसुद्धा असे शोधता येतात." फोटो खरोखर सुंदर होते. मग तिने विचारलं, "तुझ्या वेळी असलं काही नसेल ना गं?"

होतं. आमच्या धाराशिवात होतं, आणि तेही मी अशा हातांनी वापरत होते ज्यांना भाचीसारखे रबरी मोजे माहीत नव्हते. त्याच रंगावरून मी एका डॉक्टरशी असं भांडले की ते भांडण अजून मिटलेलं नाही. डॉक्टर आता हयात नाहीत. मी माझ्या बाजूने चालू ठेवलं आहे.

मी तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. लवकर विधवा झाले आणि घरच्यांचं न ऐकता हैदराबादला नर्सिंग शिकायला गेले. परत आले तेव्हा निजाम गेला होता आणि आमचा मुलूख हिंदुस्थानात आला होता, पण दवाखान्याच्या कपाटांवरच्या चिठ्ठ्या अजून उर्दूतच होत्या. हा डोळ्यांचा दवाखाना एका धर्मादाय मंडळाचा होता. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आमच्या त्या रंगाचं नाव फ्लुओरेसिन. कोरडा असताना विटेच्या भुकटीसारखा तांबूस. चिमूटभर पाण्यात टाकला की पाणी पिवळं होतं आणि उजेडात धरलं की कडेने हिरवं चमकतं. आता त्याचा उपयोग सांगते. डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा स्वच्छ पडदा असतो. त्याला ओरखडा गेला तर साध्या उजेडात तो दिसत नाही. रोगी म्हणतो डोळ्यात काटा सलतोय, आणि आपल्याला दिसतो नुसता लाल डोळा. अशा वेळी डोळ्यात हा रंग टाकायचा, मिठाच्या पाण्याने धुवायचा आणि निळ्या उजेडात बघायचं. धडधाकट पडद्यावर रंग ठरत नाही, धुऊन जातो. जिथलं साल निघालं आहे तिथे मात्र तो मुरतो आणि निळ्या उजेडात हिरवागार दिसतो. जखम कुठे, केवढी, कसल्या आकाराची, सगळं समोर येतं. काही दिवसांनी पुन्हा बघायचं. हिरवं आकसलं असेल तर जखम भरत आली.

निळ्या उजेडासाठी विलायती दिवा असतो म्हणे. आमच्याकडे बॅटरी होती आणि तिच्या तोंडावर औषधाच्या निळ्या बाटलीच्या काचेचा घासून गोल केलेला तुकडा बसवलेला होता. काम चोख होत होतं.

हा रंग बरं काहीच करत नाही, फक्त दाखवतो. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच आहे.

दवाखान्याचे थोरले डॉक्टर निजामाच्या काळापासूनचे. दाढी, शेरवानी, आणि तोंडात सतत लवंग. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की या रंगाचं पाणी बाटलीत उघडझाक करत ठेवलं तर त्यात डोळा नासवणारे जंतू वाढतात. तेव्हापासून बाटली बंद. गाळणकागदाच्या बारीक पट्ट्या कापायच्या, रंगात भिजवून वाळवायच्या, डब्यात घालून वाफेवर निर्जंतुक करायच्या आणि एका रोग्याला एक पट्टी वापरून फेकून द्यायची. पट्ट्या करायचं काम माझं. माझी बोटं कायम पिवळी असायची. मंडईत एक भाजीवाली मला विचारायची, "बाई, रोजच हळदीला जाताव का?"

थोरल्या डॉक्टरांची एक सवय होती. पट्टी डोळ्याला लावायच्या आधी ते रोग्याला सांगत. कितीही गर्दी असो, सांगत. "अम्मा, ये दवा नइं, रंग है. जखम कां है सो दिखाता. आँख पीली होती, डरो नक्को, थोड्या टाइम में जाता." दख्खनी न कळणारा कुणी असेल तर मी मराठीत सांगायची. आणि सांगितलं नाही तर ते माझ्यावर डोळे वटारायचे, मग मला राग यायचा, पण ते बरोबर असायचे.

अणदूरच्या खंडोबाची यात्रा झाली की आमच्याकडे भंडारा डोळ्यात गेलेल्यांची रांग लागायची. पिवळे डोळे, पिवळे कान, पिवळे सदरे. थोरले डॉक्टर म्हणायचे, "इन लोगां को रंग कायकू डालना, देव ने डाल के भेजे." पण गंमत बघा, त्या रांगेतल्या एकालाही डोळा पिवळा झाल्याची भीती वाटत नसे. भंडारा आहे हे त्यांना माहीत होतं. पिवळ्याला कुणी घाबरत नाही. कुठून आलं ते कळलं नाही की माणूस घाबरतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची एक म्हातारी होती. डोळ्यात कुसळ गेलं, कणी गेली, तर ती जिभेच्या टोकाने काढून द्यायची. पंचक्रोशीत तिचं नाव होतं. एकदा स्वतःच्याच डोळ्याला लागलं म्हणून आली आणि रांगेतच ऐकवू लागली की दवाखान्यात येणं तिला कमीपणाचं वाटतंय. थोरल्या डॉक्टरांनी तिचा डोळा तपासला, औषध दिलं, आणि मग पुढच्या रोग्याच्या डोळ्यात रंग घालून निळी बॅटरी तिच्याच हातात दिली. म्हातारी वाकून वाकून बघत राहिली. "हे हिरवं मंजी जखम व्हय?" व्हय म्हटल्यावर म्हणाली, "मंग हितं जीभ लावली तर वंगाळच की." त्यानंतर कुसळ निघूनही डोळा सलत राहिला की ती त्या माणसाला आमच्याकडे पाठवायची. निरोप असायचा, "हिरवं बघा म्हनावं." थोरल्या डॉक्टरांनी तिला एका शब्दाने अडाणी म्हटलं नव्हतं.

मग मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि थोरले डॉक्टर हैदराबादला मुलाकडे निघून गेले. जाताना त्यांना निरोप द्यायला मंडळाच्या वतीने एक हार आला, तोही सुकलेला. मला त्याचाही राग आहे, पण तो आजचा विषय नाही.

नवे डॉक्टर आले पुण्याकडून. खोटं कशाला बोलू, हात सोन्याचा होता. मोतीबिंदूची ऑपरेशनं मी पुष्कळ पाहिली, पण तसं स्वच्छ काम पुन्हा पाहिलं नाही. पट्ट्यांची पद्धत त्यांनी चालू ठेवली, उकळणं-धुणं आणखी कडक केलं. चिठ्ठ्या उर्दूच्या काढून मराठीच्या लावल्या. सगळ्यांना वाटलं आता आपल्या भाषेचा डॉक्टर आला. आणि हा आपल्या भाषेचा डॉक्टर रोग्यांशी बोलतच नव्हता. "उघडा." "वर बघा." "खाली बघा." "पुढचा." बास.

मी सवयीप्रमाणे रोग्यांना रंगाचं सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. "सिस्टर, बडबड नको. रांग बाहेर फाटकापर्यंत गेली आहे. यांना सांगून काय कळणार आहे?"

मी म्हटलं, "कळतं साहेब. आजवर कळत आलंय."

"त्यांना बरं करायचं आहे, शिकवायचं नाही."

मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा टोकलं. शेवटी त्यांनी माझी बाहेरच्या तपासणीतून उचलबांगडी केली आणि ऑपरेशनच्या खोलीत नेमणूक केली. तिथे रोगी गुंगीत असतात, बडबड करायला वाव नाही, असा हिशेब. बाहेर माझ्या जागी एक कंपाउंडर बसवला. स्वभावाने गरीब माणूस, नोकरीला घाबरणारा. डॉक्टर जेवढं बोलत त्याहून कमी तो बोलायचा.

सुगीच्या दिवसांत आमच्याकडे गर्दी वाढते. ज्वारी काढताना वाळलेली पात सपकन डोळ्यावर बसते. पातीची कड करवतीसारखी असते. जखम छोटी, पण दुर्लक्ष झालं की चिघळते, पू होतो, आणि शेवटी पडद्यावर पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला फूल पडलं म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं चांगलं नाव कुणी दिलं कोण जाणे.

अशाच एका सुगीत, सकाळी मी ऑपरेशनच्या खोलीकडे निघाले होते, तेव्हा आवारातल्या लिंबाखाली एका म्हातारीने माझा पदर धरला. लोहाऱ्याकडची, काशाबाई नावाची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, समोरचं माणूस सावलीसारखं दिसणारी. शेजारी तिची सून, रुक्मिण. तिशीच्या आतली. तिचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला, आणि उजवा लालभडक, पाणी गळत असलेला.

"नरसबाई," काशाबाई म्हणाली, "पोरगा सोलापूरला गिरणीत हाय. घरात आमी दोगी बाया आन् डोळा एकच, हिचा. त्याच्यावर पात बसली. त्यो गेला तर आमी चूल कशी पेटवावी?"

मी रुक्मिणीचा डोळा वर करून पाहिला. जखम ताजी वाटत होती. मी म्हटलं, "वेळेत आलात. डॉक्टर चांगले आहेत, औषधाने भरून येईल. रांगेत बसा." आणि आत गेले, कारण ऑपरेशनची तयारी करायची होती. त्या सकाळी बाहेर काय झालं ते मला पुढे रुक्मिणीनेच सांगितलं.

त्यांचा नंबर लागला. डॉक्टरांनी पट्टी लावली, धुतलं, निळ्या उजेडात पाहिलं. ज्वारीच्या दाण्याहून लहान जखम होती. रोगनिदान अचूक होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते कंपाउंडरला इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि रुक्मिणीला म्हणाले, "दाखल व्हायचं. बाहेर बसा, खाट रिकामी झाली की बोलावतील. पुढचा."

दोघी पुन्हा लिंबाखाली येऊन बसल्या. रुक्मिणीच्या डोळ्यातून पाणी वाहतच होतं, आणि आता ते पिवळं वाहत होतं. गालावर पिवळे ओघळ. तिने पदराने पुसलं, पदर पिवळा. नाक शिंकरलं, तेही पिवळं, कारण डोळ्यातलं पाणी नाकात उतरतंच. शेजारी बसलेल्या एका बाईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बया, तुजा डोळा पिवळाजर्द झालाय. कावीळ झाली की तुला."

रुक्मिण घाबरली. काशाबाईला दिसत नव्हतं, तिने सुनेचा पदर डोळ्यांशी नेऊन नेऊन बघितला. मग दोघी कंपाउंडरकडे गेल्या. "दादा, सकाळी डोळा लाल हुता, आता पिवळा झालाय. काविळीचं काय घातलं का डोळ्यात?" कंपाउंडर म्हणाला, "मला नका विचारू, डॉक्टरांना विचारा." डॉक्टर तोवर ऑपरेशनला आत आले होते, माझ्या समोर. आमच्यात आणि त्या दोघींच्यात एक भिंत होती.

काशाबाईने विचार केला. तो विचार वेड्यासारखा नव्हता, हे मी ठासून सांगते. तिच्या माहितीत कावीळ माणूस मारते, आणि काविळीवर दवाखान्यात औषध नाही. काविळीचं औषध त्यांच्या गावाजवळ मल्लाप्पा नावाचा एक शेतकरी देत असे, आणि तेही कुणी दवाखान्याचं औषध सुरू केलेलं नसेल तरच. आधी जीव, मग डोळा. खाट रिकामी व्हायची वाट न बघता तिने सुनेचा हात धरला, सुनेने तिला रस्ता दाखवला, आणि दोघी एसटीने गावाकडे गेल्या.

मल्लाप्पा भोंदू नव्हता. एक पै घेत नसे. उपाशीपोटी औषध द्यायचा, आणि त्याचं औषध नाकात घालायचं असे. आजवर त्याने कुणाच्या डोळ्याला हात लावला नव्हता. पण काशाबाईने त्याच्यापुढे तो पिवळा पदर पसरला. डोळा तर तोवर पुन्हा लाल दिसत होता, पिवळेपणा उरला होता तो फक्त कापडावर. मल्लाप्पाने आयुष्यात पुष्कळ काविळी पाहिल्या होत्या, पण डोळ्यातून गळणारी कावीळ पाहिली नव्हती. त्याने त्याच्या परीने बरोबर तर्क केला. कावीळ डोळ्यातून बाहेर पडतेय, म्हणजे ती डोळ्यात साठली आहे. तेव्हा औषधही डोळ्यातच गेलं पाहिजे. त्याने त्याच्या मुळीचा रस काढला आणि रुक्मिणीच्या उघड्या जखमेवर थेंब थेंब सोडला.

ती ओरडली तेव्हा त्याला वाटलं, कावीळ सुटतेय.

काही दिवसांनी त्या पुन्हा दवाखान्यात आल्या तेव्हा पडदा पांढराफटक होऊन विरघळायला लागला होता. मी धावत बाहेर आले. डॉक्टर रुक्मिणीचा डोळा उघडून बसले होते, आणि नेमके त्याच दिवशी मंडळाचे दोन पाहुणे दवाखाना बघायला आले होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, "बघा. मी दाखल व्हायला सांगितलं होतं. ही माणसं पळून गेली आणि गावठी रस घालून आली. या भागातला अडाणीपणा जाईपर्यंत आपण कितीही करा, काही उपयोग नाही." पाहुण्यांनी माना हलवल्या. काशाबाई हात जोडून उभी होती. आपल्याविषयीच बोलणं चाललंय हे तिला कळत होतं.

डोळा गेला. आतली सूज उतरवली, दुखणं थांबवलं, एवढंच हातात राहिलं.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दार लावलं तरी माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला असं मला नंतर कळलं. मी म्हटलं, "ती पळून गेली नाही. तुम्ही तिला पिवळी केली आणि का केली ते सांगितलं नाही. तुमच्या डोळ्यातून उद्या निळं पाणी वाहायला लागलं आणि समोरचा माणूस 'पुढचा' म्हणाला, तर तुम्ही काय कराल?"

ते शांत होते. शांत माणसाशी भांडणं सगळ्यात कठीण. "सिस्टर, रंगाने डोळा गेला नाही. रंग निरुपद्रवी आहे. जखम आधीपासून होती, आणि घाण रस मी घातला नाही."

"रस तुम्ही घातला नाहीत. रस घालायचं कारण तुम्ही घातलंत."

"कदाचित ती जखम औषधानेही चिघळली असती. तशा चिघळतात." हे खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणून माझा संताप आणखी वाढला. "रांगेतल्या प्रत्येकाला व्याख्यान देत बसलो, तर रोज किती जणांना परत पाठवावं लागेल? त्यांच्या डोळ्यांचं काय?"

"व्याख्यान कोण मागतंय? पट्टी हातात घेऊन डोळ्यापर्यंत जाते, तेवढ्यात सांगून होतं."

"तुमचे ते थोरले डॉक्टर निवांत काळातले होते," ते म्हणाले, आणि समोरचे कागद ओढून वाचू लागले. मी दार उघडं टाकून बाहेर आले.

राजीनामा द्यावा असं फार वाटलं. दिला नाही, कारण पोटाचा प्रश्न होता, आणि दुसरं म्हणजे काशाबाई. घरात आता एकही डोळा उरला नव्हता, पण काशाबाईचे दोन्ही मोतीबिंदू पिकलेले होते. तिचं ऑपरेशन झालं तर तिला दिसणार होतं. आणि ते ऑपरेशन आसपासच्या जिल्ह्यांत ज्याच्याइतकं चांगलं कुणाला येत नव्हतं, तो माणूस हाच. ज्याचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती, त्याच्यासाठी रदबदली करायला मी रविवारी लोहाऱ्याच्या एसटीत बसले.

काशाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. बोटांनी. खडे आणि दाणे बोटांनी वेगळे करत होती. रुक्मिण आत चुलीपाशी होती, तिच्या हाताला पोळल्याचे डाग होते. मी आले म्हटल्यावर मल्लाप्पाही आला. त्याच्यावर खेकसायचं मी एसटीत ठरवून ठेवलं होतं. त्याने मला संधीच दिली नाही.

"बाई, ते पिवळं काय हुतं?" उभ्या उभ्याच त्याने विचारलं.

मी सांगितलं. रंग होता, कावीळ नव्हती, थोड्या वेळात जाणारा होता.

मल्लाप्पाने मान झटकली. मग म्हणाला, "रंग तुमी घातला, आन् गाव मला आंधळं करनारा म्हनतंय. म्या आता कुनाला नाकात बी औषध देत न्हाय. माजा हातच उचलत न्हाय." आणि पाठ फिरवून गेला.

काशाबाईपुढे मी माझा मुद्दा मांडला. ती ऐकून न ऐकल्यासारखं दाणे निवडत होती. "त्या दवाखान्यात परत न्हाय," ती म्हणाली. "आमाला अडानी म्हनले. म्हनू दे. पर सून गेली त्याच्या दारात धट्टीकट्टी, आन् आली ही अशी."

मी म्हटलं, "काशाबाई, तो माणूस बोलत नाही, पण त्याचा हात देवाचा आहे. मी टेबलाजवळ उभी असेन. तुम्हाला दिसायला लागलं तर या पोरीचे हात भाजायचे थांबतील."

या शेवटच्या वाक्याने तिचं मन वळलं. माझ्या बाकीच्या भाषणाने नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "येते. पर एक हाय. डोळ्यात काय घालायचं त्याचं आदी नाव घ्यायचं. न्हाय घेतलं तर म्या डोळा उगडनार न्हाय. आन् सून माज्यासंगं पायजे."

डॉक्टरांना ही अट मी कळवली नाही. कळवली असती तर त्यांनी नकार दिला असता, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची फजिती बघायची होती.

ऑपरेशन उत्तम झालं, हे आधीच सांगून टाकते. जाड भिंगाचा चष्मा लावून काशाबाईला पुढे कितीतरी वर्षं दिसत होतं. मला सांगायचं आहे ते ऑपरेशनच्या आधीचं.

काशाबाईला टेबलावर निजवलं. रुक्मिणीला मी हातपाय धुवायला लावून दाराच्या आत भिंतीशी उभं केलं. डॉक्टरांनी भुवया चढवल्या. त्यांनी थेंबांची बाटली हातात घेतली, आणि काशाबाईने डोळा गच्च मिटून घेतला.

"आजी, डोळा उघडा."

"काय घालताव?"

"औषध आहे. उघडा."

"कसलं?"

डॉक्टर थांबले. मदतनीस थांबले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी सांगावं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण रोग्याशी बडबड करायची नाही हा त्यांचाच नियम होता, आणि त्या दिवशी मी तो अक्षरशः पाळला. बाहेर ओळीने रोगी झोपवलेले होते, आणि काशाबाई डोळा मिटून स्वस्थ पडून होती.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजी, याने डोळा बधिर होतो. आधी थोडं चुरचुरेल, मग दुखणार नाही."

"आसं व्हय," काशाबाई म्हणाली, आणि तिने डोळा उघडला.

बाटली टेबलावरून डोळ्यापर्यंत यायच्या आत ते वाक्य संपलं होतं. माझ्या मनात विजयाची भावना यायला हवी होती. तेवढ्यात मागून, भिंतीपाशी उभ्या असलेल्या रुक्मिणीने हळू आवाजात मला विचारलं, "बाई, इचारलं की सांगत्यात व्हय? मंग माजंच चुकलं. म्या त्यांना इचारलंच न्हाय."

मी नोकरीत रोग्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "तुझं काही चुकलं नाही," हे मी त्या शांत खोलीत इतक्या जोरात म्हटलं की मदतनिसाच्या हातातलं भांडं वाजलं आणि डॉक्टरांचा हात काशाबाईच्या डोळ्यावर अधांतरी थांबला.

रुक्मिण दचकली. आवाज जिकडून आला तिकडे तिने तोंड वळवलं. खालच्या आवाजात, भांडण म्हणून नाही, नुसतं समजून घ्यायचं म्हणून तिने विचारलं, "मंग कुनाचं चुकलं, बाई?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून थेंब सोडत होते. रुक्मिण उत्तरासाठी तशीच उभी होती.